पियात्साले मिकेलँजेलो आणि आमचे डोळ्यांचे पारणे

मराठी प्रवासवर्णनकाराला उंच जागेचा मोठा सोस. फ्लॉरेन्सला गेला की तो पियात्साले मिकेलँजेलोच्या कठड्याशी उभा राहतो, सूर्य कलतो, ब्रुनेलेस्कीचा घुमट तांबूस होतो, आर्नोवरचे पूल मोजले जातात आणि डोळ्यांचे पारणे फिटते. आम्हीही तिथे उभे राहिलो आहोत. दृश्य देखणे आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'जुने शहर जसेच्या तसे समोर पसरले होते' या ठरीव वाक्याशी.

जसेच्या तसे कसे? हा चौक १८६९चा. फ्लॉरेन्स १८६५ ते १८७१ इटलीची राजधानी होते. त्या धामधुमीत ज्युझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाने तो आखला. याच पोज्जीने नदीच्या उत्तरेचा मध्ययुगीन तट पाडला, वेशी तेवढ्या राखल्या आणि तटाच्या जागी रुंद रस्ते काढले. शहराची चौकट ज्याने मोडली, त्यानेच ते न्याहाळायला सज्जा बांधून दिला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुना बाजार आणि ज्यूंची वस्तीही जमीनदोस्त झाली. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच खुपत नाही. सज्जा त्यासाठीच असतो.

चौकातील ब्राँझचा डेव्हिड ही प्रतिकृती, हे सगळेच सांगतात. (आणि थोडे हिरमुसतात.) पण त्याच्या पायाशी पहुडलेल्या चार आकृती मेदिची घराण्याच्या थडग्यांवरील मूर्तींच्या प्रतिकृती आहेत, आणि १५२९ साली याच टेकडीवर, सान मिनियातोभोवती, मायकेलँजेलोने तटबंदी उभारली ती मेदिचींना पुन्हा सत्तेवर बसवू पाहणाऱ्या सैन्याविरुद्ध, हा विरोधाभास कोणाच्या लेखणीला का टोचू नये? दान्तेने 'पुर्गातोरिओ'च्या बाराव्या सर्गात या टेकडीची चढण आणि तिच्या पायऱ्या उपमेसाठी घेतल्या. त्याला चढण दिसली. आम्हाला फक्त माथा दिसतो.

प्रवासवर्णन म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, असे आम्हाला सुनावले जाईल. मान्य. पण आपण कुठे उभे आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या 'अनुभूती'चे आम्ही वर्गात काय शिकवायचे? विशेषणे मोजायची?

आणि मराठी माणसाने तर त्या कठड्यावरून पश्चिमेकडे, नदी वाहत जाते त्या अंगाला, नजर टाकायलाच हवी. तिकडे कॅशिने उद्यानाच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे दहन झाले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, युरोपच्या प्रवासातून परतताना, अवघ्या विशीत ते याच शहरात वारले. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे, वर छत्री आहे. पियात्सालेवरून ती नजरेत भरत नाही, म्हणून वर्णनात येत नाही. त्यांनी त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. १८७२ साली ती लंडनमध्ये छापून निघाली, इंग्रजीत. आणि आमच्या प्रवासवर्णनाच्या तासाला आजही तिचे नाव निघत नाही.