‘मिरजेची सतार’ खरी की फक्त नावाला? खरेदीआधी हे तपासा

धाराशिवमध्ये बसून ऑनलाइन सतार मागवताय आणि जाहिरातीत ‘मिरज मेड’ लिहिलंय? तेवढ्यावर विसंबू नका.

देशातल्या अनेक दुकानांत भलतीकडची सतार ‘मिरजेची’ म्हणून विकली जाते, ही कारागिरांची तक्रार होती. म्हणून २०२१ मध्ये अर्ज झाला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

इलेक्ट्रिक गिटार एका कंपनीची असते. तिचा सिरियल नंबर कंपनीकडून पडताळता येतो. मिरजेची सतार मात्र अनेक कारागिरांची, त्यामुळे इथे माणूसच शोधावा लागतो.

खात्री कशी कराल?

• विक्रेत्याला कारागिराचं नाव विचारा.
• जीआयचं नाव वापरायला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी लागते. ती जीआय रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर पाहा. नोंदणी नसली म्हणजे सतार खोटीच, असं नाही. पण मग कारागिराशी थेट बोला.
• बिलावर कारागिराचं नाव आणि ‘मिरज’ लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर हाच पुरावा.

जीआयचं नाव खोटेपणाने वापरल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

आणि हो, जीआय गावाची ओळख सांगतं, सुरांची हमी देत नाही. सतार वाजवून, ऐकूनच घ्या.