फळीवरचे प्रवासी

सायंकाळीं करंज्याच्या धक्क्यावर बसून रेवसहून येणारी होडी पाहणें हा माझा नित्यक्रम आहे. गेल्या सुटींत पुण्याहून आलेली माझी अकरा वर्षांची नात काखेंत एक फळी घेऊन तेथें आली. फळीला खालीं चार चाकें. तिच्यावर उभी राहून ती भरकन निघाली आणि वळणावर आपटली, गुडघा फुटला. "मुलीच्या जातीला हा खेळ शोभत नाहीं," असें म्हणून मीं फळी माळ्यावर टाकली. रात्रीं तिनें विचारलें, "आजोबा, दादा पडला असता, तर त्याची फळी माळ्यावर गेली असती का हो?" पस्तीस वर्षें मुलांना प्रश्न घालणाऱ्या मास्तराला उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर शोधतां शोधतां मी या 'स्केटबोर्डा'विषयीं वाचूं लागलों. न्यूझीलंडचा रॉब थॉमसन २००७ सालीं स्वित्झर्लंडांतून निघाला आणि युरोप, अमेरिका व चीन असें बारा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर फळीवरून तोडून २००८ सालीं शांघायला पोंचला. कांहीं मंडळी तर मध्य आशिया, उत्तर कोरिया अशा, पाहुणा क्वचितच फिरकणाऱ्या देशांत फळ्या घेऊन जातात. त्यांची दृष्टि आपल्याहून निराळी. आपण चौकांतला पुतळा पाहतों. ते पुतळ्याचा गुळगुळीत चौथरा पाहतात!

पण अशा प्रवासाचें फलित काय? आमच्या पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, आणि अखेर आईबापांच्या स्नानासाठीं गंगोदकाची कावड घेऊन परतले. प्रवाशानें काय आणलें, हें आपण विचारतों. तो काय ठेवून आला, हें मात्र विचारीत नाहीं.

ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ २००७ सालीं काबूलला गेला, तेव्हां त्याच्याजवळ तीन फळ्या होत्या. रस्त्यावरचीं मुलें भोंवतीं जमलीं. त्यांत मुलीही होत्या. मुलींनीं सायकलवर बसणें तेथें लोकांना खपत नसे. फळी मात्र इतकी नवी कीं, तिच्याविरुद्ध कोणी नियमच केला नव्हता. त्यांतून 'स्केटिस्तान' ही खेळ व शिक्षण एकत्र देणारी संस्था उभी राहिली. पुढें २०२१ सालीं तालिबानची सत्ता पुन्हां आली आणि मोठ्या मुलींना शाळेचीं दारें बंद झालीं. हें वाचतांना मला आमचा माळा आठवला, हें कबूल केलें पाहिजे.

आपल्याकडेही असें एक उदाहरण आहे. मध्य प्रदेशांतील पन्ना जिल्ह्यांत जनवार या खेड्यांत उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनीं २०१५ सालीं या खेळाचें मैदान बांधलें. नियम दोनच: शाळा नाहीं तर फळी नाहीं, आणि मुलींचा मान पहिला. त्या खेड्यांतली आशा गोंड २०१८ सालीं जागतिक स्पर्धेसाठीं चीनमधील नानजिंगला गेली. पाहुण्यानें आणलेल्या फळीनें यजमानाच्या मुलीला प्रवासास नेलें! प्रवासाचें याहून मोठें फलित मला तरी ठाऊक नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शिडी लावून मीं फळी खालीं काढली. सायंकाळीं धक्क्यावर नातीनें कोळ्यांच्या मुलींना पाळीपाळीनें तिच्यावर उभें केलें. त्यांतल्या सर्वांत लहान मुलीचा हात मीं धरला होता.