जादूनं घसा खवखवला पाहिजे

आठवीतल्या मामेबहिणीसाठी अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड मराठी फँटसी आणली. साठाव्या पानावर तिनं ती परत केली. "दादा, हे इंग्रजीतच बरं वाटतं रे." मला राग आला. मग रात्री जागून मी ती स्वतः वाचली आणि राग लेखकाकडे वळला.

नाव सांगत नाही, कारण दुखणं त्या एकट्याचं नाही. दगडी गढी, बर्फ, लांब झग्यातले जादूगार. भूक लागली की नायक हात फिरवतो, पाव आणि रस्सा हजर. शत्रू आला की हात फिरवतो, शत्रू गायब. मी पोटासाठी कोड लिहितो. काहीही इनपुट दिलं तरी हवं तेच उत्तर देणारं फंक्शन मी रिव्ह्यूमध्ये पास करत नाही. त्यात उत्तर आधीच कोंबलेलं असतं.

सकाळी आईनं मंडईत पिटाळलं. अळूची जुडी घेतली तर मावशींनी न विचारता चुकाही पिशवीत टाकला. "नुसतं अळू नेशील तर घसा खाजेल."

अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात. म्हणून अळू नीट शिजवायचं आणि त्याला आंबटाची जोड द्यायची. इथे नियम आहे, चुकलात तर शिक्षा आहे आणि हे शहाणपण कुणाकडून तरी शिकावं लागतं. चारशे पानांच्या त्या जादूत यातलं एकही नव्हतं. दुपारी शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ घातलेलं फदफदं भातावर घेतलं, तेव्हा कादंबरीतला तो आयता रस्सा आठवून हसू आलं.

"मराठीत कुणीतरी लिहितंय ना, मग नावं कशाला ठेवतोस?" असं मित्र म्हणतात. ही वाचकाला दिलेली भीक झाली. शिवाय सबब जुनी आहे. 1868 साली 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूडांनी जवळपास हेच म्हटलं होतं: आपल्या रोजच्या जगण्यात रंजक काही नाही, म्हणून अद्भुताकडे जावं लागतं.

खरंच काही नाही? 1886 साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या या मंडईवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे. असा उलटा फिरलेला मंत्र त्या कादंबरीत कुठे आहे?

पुढची मराठी फँटसीही मी विकत घेईन. पण लेखकमहाशय, लिहायच्या आधी एकदा मंडईत या, एक जुडी घ्या, घरी नेऊन निवडा, शिजवा. घसा खाजला तर चूक कुठे झाली ते मावशींना विचारा. मग जादूगाराला जेवायला वाढा. माझी बहीण एकसष्टावं पान उलटेल.