विश्लेषण : वेदनांवर ‘लेझर’चा उतारा कितपत खरा?

गुडघा, मान किंवा खेळताना दुखावलेला स्नायू घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेले, की शेक आणि व्यायामाच्या जोडीला अनेकदा ‘लेझर’च्या सिटिंगचे पॅकेजही सुचवले जाते. ना सुई, ना टाका, ना गोळी. मात्र याच उपचाराला एक मोठा आढावा उपयुक्त ठरवतो आणि ब्रिटनची आरोग्य मार्गदर्शिका तो देऊ नका म्हणते. असे का?

हे किरण नेमके काय करतात?

शस्त्रक्रियेतील लेझर ऊती कापतो किंवा जाळतो. हा तसा नाही. त्याची शक्ती साधारण ५०० मिलिवॅटच्या आत असते, त्यामुळे त्वचा फारशी तापत नाही. प्रकाश तांबडा किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो, तरंगलांबी साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर. पेशीतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे एक विकर हा प्रकाश शोषते, त्यातून ऊर्जानिर्मितीला चालना मिळते आणि सूज, वेदना कमी होतात, असे सर्वाधिक मांडले जाणारे स्पष्टीकरण आहे. ते अजून पूर्ण सिद्ध झालेले नाही.

सुरुवात योगायोगाने झाली. बुडापेस्टचे डॉ. एंड्रे मेस्टर १९६७ मध्ये लेझरने कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही; उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले.

मग पुरावे उलटसुलट का?

मानदुखीवरील १६ चाचण्यांचा (८२० रुग्ण) आढावा २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. बनावट उपचाराच्या तुलनेत वेदना १०० पैकी सुमारे २० अंकांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. गुडघ्याच्या झिजेवरील २२ चाचण्यांच्या (१,०६३ रुग्ण) २०१९ मधील ‘बीएमजे ओपन’च्या विश्लेषणात हा फरक सुमारे १४ अंकांचा होता. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी लेझर देऊ नये असे सांगितले. कारण, पुरावा अपुरा. कंबरदुखीसाठी अमेरिकी फिजिशियन्सच्या संघटनेने २०१७ मध्ये लेझरला पर्यायांच्या यादीत घेतले, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याची नोंद करूनच.

या गोंधळाचे एक मोठे कारण डोस हे आहे. ‘बीएमजे ओपन’च्या विश्लेषणात शिफारस केलेला डोस दिलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा फरक सुमारे १९ अंकांवर गेला. गोळी किती मिलिग्रॅमची हे आपण वाचतो. लेझरच्या बाबतीत ते कोणी विचारतच नाही.

गणित शाळेतले आहे : शक्ती गुणिले वेळ म्हणजे ऊर्जा. गुडघ्यासाठी ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरने प्रत्येक बिंदूवर ४ ते ८ ज्यूल ऊर्जा लागते. यंत्र ५० मिलिवॅटचे असेल, तर ४ ज्यूलसाठी एका बिंदूवर ८० सेकंद प्रोब धरावा लागतो. दहा सेकंदांत पुढे सरकवला, तर मिळतो अर्धा ज्यूल, म्हणजे गरजेचा आठवा हिस्सा. ९०४ नॅनोमीटरच्या यंत्राला १ ते ३ ज्यूल पुरतात, म्हणजे हिशेब यंत्रागणिक बदलतो. उलट बाजूने, जास्त ऊर्जा म्हणजे जास्त गुण असेही नाही. मर्यादेपलीकडे परिणाम ओसरतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

रुग्णाने काय पाहावे?

पैसे भरण्याआधी तीन आकडे विचारावेत : तरंगलांबी, शक्ती आणि प्रत्येक बिंदूवर दिला जाणारा वेळ. उत्तर नुसते ‘लेटेस्ट मशीन आहे’ असे मिळाले, तर पॅकेज घेण्याची घाई करू नये. लेझर घ्या वा न घ्या, व्यायाम सुटता कामा नये. लेझरला नकार देणारी ‘नाइस’सुद्धा सांध्यांच्या झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवते. कर्करोगाची गाठ असलेल्या जागी हा उपचार सहसा टाळतात, त्यामुळे तसा पूर्वेतिहास आधीच सांगावा. अवरक्त किरण दिसत नसल्याने डोळा आपोआप मिटत नाही. उपचार करणारा आणि घेणारा, दोघांनाही त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा हवा.