होळीचा जाळ पांढरा का दिसतो?

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर होळीचे जे फोटो येतात, त्यांतल्या बहुतेकांत मधोमध एक पांढरा डाग असतो आणि भोवतीची रात्र राखाडी. जाळ कुठेच नसतो. मला हे फार खटकतं, कारण त्या पांढऱ्या डागात पिवळा, केशरी, शेंदरी असे सगळे रंग बुडालेले असतात.

समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं असणार, असं कॅमेऱ्याचा मीटर धरून चालतो. फ्रेममध्ये काळोख जास्त दिसला की तो एक्स्पोजर वाढवतो आणि ज्वाळा उडून जातात. लाकडाच्या जाळात लाल भरपूर, निळा अगदी थोडा. म्हणून लाल आधी भरून वाहतो. हिस्टोग्राम पाहायचाच तर लाल रंगाचा वेगळा पाहावा.

होळीसमोर कॅमेरा मॅन्युअलवरच हवा. आयएसओ ८००, एफ/४, शटर १/२५० इथून सुरुवात करा. गवत पडून भडका उडाला तर १/५००, जाळ बसला की १/१२५. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा; ऑटोवर कॅमेरा तो नारिंगीपणाच काढून टाकायला बघतो. ज्वाळेची टोकं धारदार हवीत की वाहती, हे शटर ठरवतं. मला टोकं किंचित पुसट आणि बुंधा ठाम असलेला जाळ आवडतो, तो १/१२५ च्या आसपास मिळतो. भडक्यातही तेच शटर ठेवायचं असेल तर आयएसओ उतरवा.

खरी अडचण चेहऱ्यांची. ते जाळापेक्षा साधारण तीन स्टॉप अंधारे असतात, म्हणजे आठवा हिस्सा उजेड. दोन्ही एका फोटोत नीट येतील हा हट्ट सोडावा. नारळ टाकायला पुढे झालेली माणसं जाळाच्या सर्वांत जवळ असतात, त्यांच्यावर उजेड पुरेसा पडतो. मागच्या रांगेतले काळोखात राहिले तरी चालतील. आणि फक्त चेहरेच हवे असतील तर होळीकडे पाठ करा, शटर १/३० वर आणा आणि बोंब मारणारी पोरं टिपा. यातले फोटो मला जाळाच्या फोटोंपेक्षाही मोलाचे वाटतात.

फोनवर ज्वाळेवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की उजेडाची पट्टी खाली ओढा. फ्लॅश नको. नाइट मोडही बंदच ठेवा. तो अनेक फ्रेम जोडून काळोख उजळवतो, आणि जाळ प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो.