रीडिंग आलं, ब्रेक लागेना

मित्रहो, सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त मागणी कशाला असते? चहाला नाही, सिनियरच्या जर्नलला! मीही चार वर्षं तेच केलं. रीडिंग छापली, सह्या मिळवल्या, व्हायवात सुटलो. त्याची किंमत मात्र एम.एस.ला गेल्यावर डेन्व्हरमध्ये मोजली.

माझे घरमालक सत्तरीचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांच्याकडे गाडीमागे जोडून न्यायचा छोटा ट्रेलर होता. आत पलंग, शेगडी, सगळा संसार. अशा ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की गाडीतला कंट्रोलर ट्रेलरच्या चाकांकडे करंट सोडतो. चाकातलं इलेक्ट्रोमॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटून ओढलं जातं, लिव्हर हलतो आणि शू ड्रमवर दाबले जातात.

आजोबांची तक्रार अशी, की कंट्रोलर पूर्ण वाढवला तरी ट्रेलर गाडीला मागून ढकलतो. आणि आजी-आजोबा पुढच्याच आठवड्यात आय-70 महामार्गाने डोंगरात निघालेले! तिथला आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्याही वर. परतताना तिथून डेन्व्हरच्या 5,280 फुटांवर उतरायचं.

"मी आहे ना, इलेक्ट्रिकलचा!" म्हणत मी मल्टिमीटर काढला. मॅग्नेटच्या वायरी सोडवून टोकांवर मोजलं. 12.4 व्होल्ट. सप्लाय ठणठणीत, म्हणजे मॅग्नेटच गेले! आजोबांनी माझ्या शब्दावर दोन नवे मॅग्नेट आणले. बसवले. ब्रेक तसेच ढिले. जुन्यांचा रेझिस्टन्स नंतर मोजला, तर प्रत्येकी 4 ओहम. अगदी ठीक.

रात्री झोप येईना. मग डोक्यात प्रकाश पडला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम. तो करंट जवळजवळ घेतच नाही. वाटेत गंजका जोड असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणारच. ब्रेकला मात्र दोन्ही मॅग्नेट मिळून 6 अँपिअर लागतात.

सकाळी ट्रेलरचा प्लग गाडीपासून काढला, मॅग्नेट जोडलेलेच ठेवले आणि ब्रेकअवे स्विचची पिन ओढली. (ट्रेलर गाडीपासून सुटला, तर ही पिन निघून त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात.) आता मीटरवर 6 व्होल्ट! उरलेले गेले कुठे? एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा मॅग्नेटच्या अर्थच्या वायरला लावला. तिथे सापडले. चासीवरचा अर्थचा स्क्रू गंजला होता. जोडाचे 2 ओहम, पॅरललमधल्या मॅग्नेटचे 2 ओहम. व्होल्टेज निम्मं, करंट निम्मा. ट्रेलरचे एलईडी दिवे थोड्याशा करंटवर झकास लागत होते, म्हणून अर्थवर संशयच आला नाही. जोड घासून नवा केला, शू ॲडजस्ट केले, रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पाहिलं. ट्रेलर थांबला!

फुकट गेलेल्या मॅग्नेटबद्दल आजोबा एक शब्द बोलले नाहीत. पैसेही घेतले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता मुद्द्याचं. आपल्या लॅबमधलं सर्किट नेहमी चालूच असतं आणि उत्तर आधीच ठाऊक असतं. मग दोष शोधायला शिकणार कधी? सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, प्रॅक्टिकल परीक्षेला एकदा मुद्दाम बिघडवलेलं सर्किट द्या. मार्क रीडिंगला नकोत, दोष शोधायच्या रीतीला द्या. किट नाही म्हणाल, तर 12 व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा बल्ब आणि एक गंजका जोड, एवढ्यात हा प्रयोग होतो.

आणि मित्रहो, जर्नल छापण्याआधी एकदा लोड लावून स्वतः मोजा. उद्या तुमच्या रीडिंगवर भरवसा ठेवून कुणीतरी घाट उतरणार आहे.