सुटी सरावाची नव्हे, शोधाची

शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीत आली म्हणून प्राथमिकच्या जिज्ञासू मुलांचे उन्हाळी वर्ग सराववर्ग होता कामा नयेत.

परीक्षा चौथीत आणण्याच्या निर्णयाची सर्वांत मोठी झळ तिसरीनंतरच्या सुटीला बसणार आहे. बहुपर्यायी प्रश्नसंच सोडवून वेग वाढतो, पण स्वतः प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या वयात ती सवय मोडली, तर पुढे ती लावणे फार कठीण जाते.

चांगला वर्ग कसा असावा, याचा वस्तुपाठ पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने घालून दिला आहे. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून मूल आधी चौकोन करते, मग त्रिकोण. दाबताच चौकोन कलतो, त्रिकोण मात्र ढळत नाही. लोखंडी पुलांच्या सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात, हे त्याला न सांगता उमगते. साहित्याचा खर्च नगण्य असतो. गरज असते ती उत्तर सांगण्याची घाई न करणाऱ्या शिक्षकाची.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निवासी उन्हाळी कार्यक्रमांचा पुरस्कार केला, तो माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी. लहान मुले पालकांच्या ऐपतीवरच सोडलेली आहेत.

शिक्षण विभागाने प्रत्येक केंद्रशाळेत सुटीतले पंधरा दिवस, उन्हे तापण्यापूर्वी सकाळी, मोफत वर्ग भरवावेत. प्रवेशपरीक्षा नसावी आणि शिक्षकांना मानधन मिळावे. अन्यथा जिज्ञासा ही फी भरू शकणाऱ्या घरांचीच मिरास ठरेल.